देखरेख करणाऱ्यास त्रास देऊ नये

माझी मुलगी कामाला लागली तर तिला काय मिळेल, याचा विचार घरात कुणी करण्याआधीच त्यात मला काय मिळेल याचा हिशेब मी करून ठेवला होता. पगार तिचा, त्यावर माझा डोळा नव्हता. अनुभव तिचा, माझ्याकडे तो भरपूर होता आणि त्याचं करायचं काय हेच कळत नव्हतं. मला मिळणार होती दुपार. तीन ते सहा, सुट्टीचे वार वगळून रोज. बंद दाराची, बंद फोनची, "बाबा, माझा चार्जर कुठाय" असं कुणीही विचारणार नाही अशी सलग दुपार.

ज्याला रात्री झोप लागते त्याला या दुपारचं मोल कळायचं नाही. विमा कंपनीत माझं आयुष्य दाव्यांची छाननी करण्यात गेलं. म्हणजे लोकांच्या अर्जाला कोणता कागद लावायचा राहिलाय ते शोधायचं आणि अर्ज परत पाठवायचा. पुढे कंपनीने आमच्यातल्या काहींना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. तेव्हापासून बिछान्यावर पडलं की ते सगळे अपुरे अर्ज छतावर ओळीने उभे राहतात. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. दिवसा एका जागी बसवत नाही. गळणारा नळ घट्ट करतो, घट्ट नळ उघडून बघतो आणि मग तोही गळायला लागतो. फक्त दुपारी तीनच्या सुमाराला पापण्या जड होतात, आणि नेमकी त्याच वेळी आमची सोळा वर्षांची कन्या शाळेतून घरी येते. दार आपटतं, दप्तर आपटतं, फ्रीजचं दार आपटतं. आपटण्यासारखं काही उरलं नाही की गाणी सुरू होतात.

शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझी मेहुणी पाळणाघर चालवते. पाळणाघर म्हणायचं, पण पाळणा एकही नाही. शाळा सुटलेली सोळा पोरं आहेत, सहा ते दहा वयाची; आईबाप कामावरून सुटेपर्यंत ती तिथे असतात. त्यांची आणि माझ्या मुलीची ती मावशीच. हाताखाली कुणीतरी हवं, असं ती कधीपासून म्हणत होती. मी जेवताना अगदी सहज, ताटाकडे बघत, म्हणालो की आपल्याच घरातली पोर दुपारी रिकामी असते. मुलीने मान वर केली. मला वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, "चालेल."

ही म्हणजे माझी बायको, बँकेत रोखपाल. समोरच्याने नोट पुढे करण्याआधी ती खरी की खोटी हे तिला त्याच्या तोंडावरून कळतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "जमेची बाजू छान मांडलीत. खर्चाचं पान कोरं ठेवायची तुमची सवय जुनीच आहे."

मी लक्ष दिलं नाही. निवृत्त माणसाने प्रत्येक टोमण्याकडे लक्ष द्यायचं ठरवलं तर दिवस पुरायचा नाही.

बातमी जिन्यातून वर गेली आणि तिसऱ्या मजल्यावर कलमकाकांना लागली. कलमकाका म्हणजे श्रम खात्यातले निवृत्त अधिकारी. सत्तरी उलटली आहे, केस मात्र काळेभोर आहेत आणि दर महिन्याला अधिकच काळे होतात. कुठल्याही गोष्टीला ते आधी कलम लावतात, मग चष्मा लावतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि इकडे तिकडे बघून, चोरीचा माल विचारावा तशा आवाजात विचारलं, "सोळा पूर्ण आहेत ना?"

मी म्हणालो, पूर्ण आहेत.

"मग कामाला ठेवता येतं. पण कसं ठेवता येतं, ते निराळं."

संध्याकाळी ते एक पुस्तिका घेऊन आले. शाळेनंतरच्या बालसंगोपनात किशोरवयीन मदतनीस ठेवायचे असतील तर पाळावयाचे नियम, असं तिचं लांबलचक नाव होतं. दुसऱ्या एखाद्या बापाने ती टेबलावर ठेवली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण माझ्यासारख्या माणसाच्या हातात नियमांची पुस्तिका देणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं. कित्येक महिन्यांत प्रथमच मला काहीतरी छाननी करायला मिळालं होतं. मी पेन्सिल तासली.

पुस्तिकेप्रमाणे माझी मुलगी फारच विचित्र प्राणी ठरली. मुलं किती आणि त्यांच्यावर मोठी माणसं किती याचं एक प्रमाण असतं. त्यात ती मोठ्यांत धरायची नाही. आणि लहानांतही धरायची नाही. म्हणजे पाळणाघराच्या गणितात ती शून्य, पण त्या शून्यासाठी नियम मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. तिने गॅसला हात लावायचा नाही. सुरी धरायची नाही. मुलांना औषध द्यायचं नाही, स्वच्छतागृहात न्यायचं नाही, दार उघडून कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. मधे ठरलेल्या वेळी विश्रांती घ्यायची, दमली नसली तरी. आणि या सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, तिने एका प्रौढ व्यक्तीच्या नजरेआड कधीही व्हायचं नाही.

ही पोरगी घरी कुकर लावते, भाजी चिरते आणि वर आमच्या चिरण्याला नावं ठेवते. खाली तिला केळंसुद्धा सोलता येईल, कापता येणार नाही.

वयाचा दाखला शाळेतून आणायचा होता. शाळेतला कारकून म्हणाला की असा दाखला आजवर कुणी मागितलेला नाही, त्यामुळे त्याचा नमुना नाही, आणि नमुना नसेल तर दाखला नाही. मी त्याला माझ्या जुन्या धंद्यातल्या युक्त्या दाखवल्या, त्याने मला त्याच्या दाखवल्या, आणि शेवटी दोन जाणकार पैलवानांसारखे आम्ही बरोबरीत सुटलो. त्याने दाखला दिला. घरी येऊन बघतो तर 'कशासाठी' या रकान्यात त्याने वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'बालकामगार म्हणून राहण्यासाठी'. कलमकाकांनी ते वाचलं आणि भिंतीला टेकले. त्यांना पाणी दिलं, दाखला बदलून आणला.

सगळे कागद घेऊन आम्ही बापलेक मेहुणीकडे गेलो. तिने ठळक अक्षरांतला नियम वाचला आणि पुस्तिका मिटली. म्हणाली, "भावोजी, माझे दोन डोळे सोळा पोरांना पुरत नाहीत. हिच्यावर नजर ठेवायला मला आणखी एक माणूस लागेल. मग त्या माणसालाच ठेवते की, हिला कशाला?"

मुलीचा चेहरा पडला. मी त्याकडे बघायला नको होतं.

"तुम्ही दुपारी काय करता?" मेहुणीने विचारलं.

जो माणूस दुपारी खरंच झोपतो तो बिनदिक्कत सांगतो की झोपतो. पण झोप न लागणाऱ्या माणसाने काय सांगायचं? मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही." या चार शब्दांनी आजवर जितक्या मध्यमवर्गीय माणसांचं वाटोळं केलंय तितकं व्यसनांनीही केलं नसेल.

अट अशी ठरली की पुढच्या काही आठवड्यांत बालसंगोपन कार्यालयाची तपासणी आहे, तोवर मुलगी कच्ची. तपासणीत काही खुपलं नाही तर वार्षिक सुट्टीपर्यंत पक्की. खुपलं तर त्याच दिवशी बंद.

आता देखरेख करणाऱ्या प्रौढाचेही कागद लागतात. पोलीस पडताळणीसाठी जो हवालदार घरी आला त्याने मला विचारलं की तुमचा मुलांशी यापूर्वी संबंध आला आहे का. मी मुलीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, हा नाही, दुसरा. मग डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, जीभ बघितली आणि विचारलं, झोप? मी म्हणालो, लागत नाही. रात्री? नाही. दुपारी? संधी मिळालेली नाही. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मला आशा वाटली की गोळ्या देतायत. हातात आला तो दाखला, 'सदर गृहस्थ रात्रंदिवस जागे असतात. देखरेखीच्या कामास सर्वथैव योग्य.'

राहता राहिला प्रथमोपचाराचा वर्ग. तिथला रबरी माणूस दुरुस्तीला गेला होता. शिकवणाऱ्याने वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाला की ज्यांचा चेहरा मुळातच निपचित आहे असं कुणीतरी पुढे या. कुणीच आलं नाही, तेव्हा त्याने मला बोलावलं. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने मला एकेकदा वाचवलं, आणि एकानेही नीट वाचवलं नाही. मी स्वतः कुणालाच वाचवलं नाही, पण प्रमाणपत्र मिळालं. बरगड्या आठवडाभर दुखत होत्या.

जायच्या आदल्या दिवशी मी एक तक्ता केला. जाड पुठ्ठा, दोन रंगांची शाई, आखलेल्या ओळी. पुस्तिकेतले सगळे नियम उतरवून झाल्यावर तळाशी एका ओळीची जागा उरली. कोरी जागा मला बघवत नाही. कार्यालयात मी अशा जागी तिरकी रेघ मारत असे, कुणी मागाहून काही घुसडू नये म्हणून. पण तक्त्यावर रेघ वाईट दिसली असती. म्हणून मी स्वतःच्या अधिकारात एक नियम जोडला, 'देखरेख करणाऱ्यास त्रास देऊ नये.' लाल शाईने, खाली दुहेरी रेघ.

पाळणाघरात मोठ्यांची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मेहुणीची वजनदार पिशवी बसलेली असे. मला पोरांची खुर्ची मिळाली. तिच्यावर बसलं की गुडघे कानांशी येतात. पहिल्याच दिवशी पुढचे दात पडलेली एक आठ वर्षांची मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हिला सगळे फौजदार म्हणत. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि जाहीर केलं, "हे आजोबा आहेत."

मी पन्नाशीचा आहे. पन्नाशीच्या थोडा पुढे. पण एकदा फौजदाराने निकाल दिला की अपील नव्हतं; त्या क्षणापासून मी सोळा पोरांचा आजोबा झालो. मग तिने तक्ता सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. नियम मोठ्यांसाठीही आहेत हे कळल्यावर त्या पोरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पूर्वी फक्त लेखापरीक्षकांच्या डोळ्यांत बघितली होती.

त्या दिवसापासून माझं बूड खुर्चीला टेकलं नाही. मुलगी चेंडू आणायला कोपऱ्यात गेली की फौजदार ओरडणार, "आजोबा, ताई दिसत नाहीये." मी उठणार. ती रंगांचा डबा घ्यायला कपाटामागे गेली की मी कपाटामागे. पोरांना यात एक नवा खेळ सापडला. ती माझ्या मुलीला पडद्याआड लपवत, दोघं तिच्या पुढ्यात उभी राहत आणि बाकीची टाळ्या पिटत, "नियम मोडला, नियम मोडला." मी पडद्यामागे पोचेपर्यंत ती टेबलाखाली. माझ्या लेकीला हसू आवरत नसे. घरी तिला हसताना बघून बरेच महिने झाले होते, म्हणून मी रागावल्यासारखं करत होतो, रागवत नव्हतो.

खाऊला सफरचंदं असत. ती चिरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मेहुणी आत दूध तापवत असे आणि मुलीला सुरी वर्ज्य. मी आयुष्यात कोणतंही फळ चिरलेलं नव्हतं. आमच्या घरी ते चिरूनच उगवतं असा माझा समज होता. तिसऱ्या सफरचंदाला बोट कापलं. मुलगी धावली, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "थांबा." कलमकाका रोज चारच्या सुमाराला फिरायला निघत आणि आमच्या खिडकीशी येऊन फिरणं संपवत. ते म्हणाले की औषध मुलांना द्यायचं नाही असा नियम आहे आणि मी मूल नव्हे, इथवर ठीक. पण ती माझ्यावर उपचार करत असताना मी देखरेख करणारा की रुग्ण? रुग्ण असलो तर तिच्यावर देखरेख कुणाची? या मुद्द्यावर ते विचार करू लागले. माझं बोट गळत होतं. अखेर फौजदाराने आपल्या दप्तरातून सशाचं चित्र असलेली पट्टी काढली आणि माझ्या बोटाला गुंडाळली. आठ वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या माणसाला पट्टी बांधण्याविरुद्ध पुस्तिकेत काहीच नव्हतं.

पण मला खरा घाम फुटायचा तो मुलीच्या विश्रांतीच्या वेळी. ती नियमाप्रमाणे कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे आणि तेवढा वेळ पोरं माझ्या हवाली. काम कोण करत होतं ते मला तेव्हा कळलं. ही पोरगी घरी स्वतःचं ताट उचलत नाही, पण कोणाला सालीसकट सफरचंद चालतं, कोणाची बुटाची नाडी कोणत्या बाजूची सुटते, कोण रडायच्या आधी नाक ओढतं, हे सगळं तिला पाठ होतं. मला पोरांनी गोष्ट सांगायला लावली. मला एकच प्रकारच्या गोष्टी येतात. मी एका माणसाची सांगितली, ज्याचं दुकान जळलं आणि त्याने विम्याचा अर्ज केला.

"मग मिळाले त्याला पैसे?" एकाने विचारलं.

मी म्हणालो, नाही. एक कागद कमी होता.

तो पोरगा नाक ओढून रडायला लागला. त्याच्यामागे आणखी तिघं. मुलीने विश्रांती मोडली नाही, जागेवरूनच, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "तो कागद त्याला नंतर कपाटाखाली सापडला." रडं थांबलं. माझ्या सगळ्या नोकरीत हा उपाय मला कधी सुचला नव्हता.

एका रात्री नेहमीप्रमाणे मी जागा पडलो होतो. बाहेरच्या खोलीत ही दिवसाच्या कपड्यांच्या घड्या करत होती आणि मुलगी तिच्याजवळ बसून बोलत होती. मी झोपलोय असं त्या दोघींना वाटत होतं; घरात एवढा एक गैरसमज मी टिकवून ठेवला आहे. मुलगी म्हणत होती, "आई, मला गणित जमत नाही, भाषण जमत नाही. हे जमतं. तपासणी एकदा पार पडू दे."

मी कूस बदलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला एक क्षणही नजरेआड होऊ दिलं नाही. पोरांनी पडद्याआड लपवलं तर पडदाच काढून ठेवला. तपासणी कोणत्याही दिवशी होईल, या धास्तीने रात्रीची जी थोडीशी डुलकी लागत असे तीही गेली. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होई. चालताना मी दाराच्या चौकटीला नमस्कार करावा तसा आपटू लागलो.

आणि मग तो दिवस आला. दुपार कलती होती. दोन पोरं ठोकळ्यांची भिंत रचून पाडत होती, पाडून रचत होती. चौघं एका शिट्टीवरून भांडत होती, शिट्टी पाचव्याच्या तोंडात होती. कुणीतरी डबा वाजवत होतं. फौजदार सगळ्यांना नियम सांगत होती. माझी मुलगी बरोबर समोर बसून कागदाची होडी करत होती. माझी नजर तिच्यावर होती. होडीची एक घडी, दुसरी घडी. मेहुणी मला सांगून बाहेरच्या फाटकाशी गेली. एका पोराला ताप भरला होता आणि त्याची आई न्यायला आली होती. तिसरी घडी.

मला जाग आली ती आवाजाने नव्हे, शांततेने आली.

इतकी शांतता त्या खोलीत कधी झाली नव्हती. पंधरा पोरं भिंतीला लागून ओळीने बसली होती, प्रत्येकाचं बोट ओठांवर. शिट्टीवाल्याच्या तोंडात शिट्टी तशीच होती आणि तो नाकाने श्वास घेत होता. माझा चष्मा माझ्या नाकावर नव्हता. तो माझ्या मुलीच्या हातात होता. आणि दारात मेहुणीशेजारी, पिशवी छातीशी धरलेल्या एक अनोळखी बाई उभ्या होत्या. चष्म्यावाचूनही मला कळलं की त्या कार्यालयातून आल्या आहेत. छाननी करणाऱ्याला छाननी करणारा वासावरून ओळखू येतो.

"इथे देखरेख कोण करतंय?" बाईंनी विचारलं.

फौजदाराने बोट ओठांवरून न काढता, बोटाच्या कडेने सांगितलं, "ताई आजोबांवर करतेय."

बाई माझ्या मुलीकडे वळल्या. "तू यांना उठवलं का नाहीस?"

"बाबांना झोप लागत नाही," मुलगी म्हणाली.

"लागलीये की."

"म्हणूनच."

फौजदाराला हे पुरेसं कायदेशीर वाटलं नसावं. ती उठली, तक्त्याखाली गेली आणि शेवटच्या लाल ओळीवर बोट ठेवून म्हणाली की नियमच आहे, यांना त्रास द्यायचा नाही.

बाईंनी तक्ता वाचला, वरपासून खालपर्यंत. पिशवीतून पुस्तिका काढून ताडून बघितला. "हा शेवटचा कुठून आणलात?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की जागा उरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्यांनी ते लगेच जागेवर बसवलं. मग त्यांनी आमचे कागद मागितले. मी एकेक पुढे केला. वयाचा, पडताळणीचा, प्रथमोपचाराचा. डॉक्टरांच्या दाखल्यापाशी त्या थांबल्या आणि 'रात्रंदिवस जागे असतात' हे त्यांनी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.

"कागद सगळे आहेत," त्या म्हणाल्या. "एकही कमी नाही. माणूस तेवढा जागा हवा होता."

आयुष्यभर मी लोकांना याच्या उलटं सांगत आलो होतो.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाळणाघराला हात लावला नाही. मेहुणी दहा पावलांवर होती आणि पोरं इतकी शिस्तीत बसलेली त्यांनी दुसरीकडे कुठे बघितली नव्हती, हेही त्यांनी लिहिलं. मुलीचा दोष नाही, असंही लिहिलं. पण नियम तो नियम. मदतनीस किशोरवयीन आणि देखरेखीला जागा प्रौढ नाही, तेव्हा दुसरा प्रौढ रीतसर मिळेपर्यंत मुलीचं काम बंद. आजपासून. मुलीने मान डोलावली, होडी शिट्टीवाल्याच्या हातात दिली आणि माझा चष्मा माझ्या नाकावर बसवला. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलायला शब्द शोधत होतो. दारात तिनेच विचारलं, "झोप चांगली लागली होती ना?"

खोटं सांगवेना. वर्षभरात तशी झोप लागली नव्हती. स्वप्न नाही, अर्ज नाही, काही नाही.

"मग झालं तर," ती म्हणाली आणि आत गेली.

ही बँकेतून आल्यावर तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती खर्चाच्या पानाबद्दल बोलेल. ती थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे काय झालं ते मला जिन्यातून तुटक ऐकू आलं. पुस्तिका कुणी आणली होती, असा एक प्रश्न होता. खिडकीबाहेर उभं राहून देखरेख होत असेल तर आत बसून का होऊ नये, असा दुसरा. तिसऱ्या प्रश्नाला कलमकाकांनी कलम शोधलं, ते सापडलं नाही. सत्तरी उलटलेले कलमकाका देखरेख करणारा प्रौढ व्हायला तयार झाले.

पण त्यांचेही कागद लागतातच. पोलीस येणार, डॉक्टर तपासणार, रबरी माणूस अजून दुरुस्तीहून आलेला नाही त्यामुळे वर्गात त्यांनाही पुढे बोलावणार. कागद होईपर्यंत, त्यांच्या अनुभवी अंदाजाने, महिना जाईल. सुट्टी त्याच्या थोडीच पुढे आहे. तोवर ते रोज पाळणाघरात डोकावून येतात. फौजदाराने त्यांच्या काळ्याभोर केसांकडे बघून त्यांना 'काका' ठरवलं आहे. मी आजोबाच राहिलो.

आता दुपारचं आमच्या घरी काय होतं ते सांगतो. मुलगी शाळेतून येते. दार आपटत नाही. कडी धरून, श्वास रोखून लावते. दप्तर दोन्ही हातांनी खाली ठेवते. फ्रीजचं दार तर ती असं मिटते जसं आत कुणी निजलंय. गाणी कानात घालून ऐकते. मग पायांच्या बोटांवर चालत येऊन माझ्या खोलीचं दार बोटभर उघडते आणि बघते. मला हवी होती अगदी तशी दुपार, तीन ते सहा, सलग, बिनआवाजाची. शेजारच्या इमारतीतून ठोकळ्यांची भिंत पडल्याचा आवाज येतो, पोरं ओरडतात, आणि माझ्या डोळ्यांत झोपेचा थेंब नसतो. काल मेहुणीचा फोन आला तेव्हा दारापलीकडून मुलगी कुजबुजली, "हळू बोल मावशी, बाबा झोपलेत." तिच्या आवाजात जरासा अभिमानही होता.

तर शेवटचा हिशेब असा. मेहुणीला तपासणीचा चांगला शेरा मिळाला. कलमकाकांना पुन्हा खातं मिळालं. हिला बँकेत सांगायला गोष्ट मिळाली. ऐकणाऱ्यांची रांग लागते म्हणे. झोप मला मिळाली, कागदाच्या तीन घड्यांपासून पुढे जेवढी मिळाली तेवढी. त्या झोपेचे पैसे भरले माझ्या मुलीने, तिला जमणारं एकमेव काम देऊन. आणि ते वाया गेलं असं तिला वाटू नये म्हणून रोज तीन ते सहा डोळे मिटून, अंगाखालचा पलंग करकरू नये म्हणून कूससुद्धा न बदलता त्याचे हप्ते भरत पडलो आहे तो मी.